आइस बाथ पहिल्यांदाच घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पाणी किती थंड हवं?’ आणि ‘किती वेळ बसायचं?’ हे दोन प्रश्न सगळ्यांत जास्त येतात. ‘बाहेर आल्यावर काय करायचं?’ हे मात्र जवळजवळ कोणी विचारत नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा. नवखी माणसं अडचणीत येतात ती बहुतेकदा पहिल्या मिनिटात, नाहीतर टबबाहेर पाय ठेवल्यानंतर. मधला वेळ त्या मानाने शांत जातो. म्हणून खालच्या उत्तरांत या दोन टोकांना जास्त जागा दिली आहे. घाई असेल तर बाकी काहीही गाळा, पण प्रश्न ४ वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

१. आइस बाथ म्हणजे नेमकं किती थंड पाणी? बर्फ लागतोच का?

बर्फ लागतोच असं नाही, थर्मामीटर मात्र लागतो. १० ते १५ अंश सेल्सिअसचं पाणी नवख्याला पुरेसं असतं, आणि काही ठिकाणी हिवाळ्यात नळालाच असं पाणी येतं. ‘पंधरा अंश म्हणजे काय थंड?’ असं वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या, की पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. पंधरा अंशांच्या हवेत आपण स्वेटर घालून मजेत फिरतो, त्याच अंशाच्या पाण्यात दात वाजायला लागतात.

थंड पाण्याचा जो पहिला दणका बसतो (प्रश्न ३), तो १० ते १५ अंशांमध्येच जवळजवळ पूर्ण ताकदीने बसतो. पाणी आणखी गार केल्याने पदरात फारसं काही पडत नाही, बोटं तेवढी लवकर बधिर होतात. बर्फाच्या खड्यांत गळ्यापर्यंत रुतलेले फोटो छान दिसतात, पण सुरुवातीला त्यांचा आदर्श ठेवू नका.

२. पहिल्यांदा किती अंश आणि किती वेळ?

१५ अंशांच्या आसपास, ३० सेकंद ते एक मिनिट. हसू येईल इतकं कमी वाटतं, पण पहिल्या दिवशी शिकायचा असतो तो श्वास. त्याआधी आठवडाभर रोजच्या अंघोळीच्या शेवटी अर्धा मिनिट गार शॉवर घेतला तर उत्तम. पुढे दोन-तीन आठवड्यांत दोन ते तीन मिनिटांपर्यंत जा.

एका वेळी एकच गोष्ट वाढवा. वेळ वाढवलात तर तापमान तेच ठेवा, तापमान उतरवलंत तर वेळ कमी करा. दहा मिनिटांच्या पुढे जाण्याचं कारण नवख्याकडे नसतं. घड्याळ दिसेल असं ठेवा, कारण गार पाण्यात वेळेचा अंदाज हमखास चुकतो.

३. पाण्यात उतरल्या उतरल्या श्वासच अडकतो, छाती धडधडते. हे नॉर्मल आहे का?

आहे. आणि धोका मुख्यतः इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कातडी एकदम गार पडली की शरीर आपल्याला न विचारता एक मोठा श्वास आत ओढतं. मग धाप लागते, नाडी पळायला लागते, कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. हे पहिल्या अर्ध्या मिनिटात टिपेला पोचतं आणि एक ते तीन मिनिटांत ओसरतं. इच्छाशक्तीने ते थांबवता येत नाही. तो पहिला श्वास ओढताना तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी थेट फुप्फुसात जातं. धडधाकट, पट्टीचे पोहणारेही गार पाण्यात बुडतात ते अनेकदा यामुळेच. थंडीने गारठून जायला बराच जास्त वेळ लागतो.

यावर उपाय आहे तो श्वास सोडण्याचा. आत घेण्याकडे लक्ष देऊ नका, तो आपोआप येतो. ओठांचा चंबू करून, मेणबत्ती न विझवता ज्योत हलवावी इतक्या हलक्या फुंकरीने श्वास बाहेर सोडत राहा. काहींना गुणगुणणं जमतं. तेही चालतं, कारण गुणगुणताना श्वास बाहेरच जात असतो. धाप आवरून एक सलग वाक्य बोलता येईपर्यंत आणखी खोल उतरू नका. दीड-दोन मिनिटांनीही वाक्य तुटत असेल तर त्या दिवसापुरतं बाहेर या.

छातीत दुखणं, हृदयाचे ठोके चुकल्यासारखे वाटणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं हे मात्र नॉर्मल नाही. लगेच बाहेर या आणि वैद्यकीय मदत घ्या.

४. आइस बाथ कोणी घेऊच नये?

हृदयविकार, ठोक्यांची अनियमितता (घराण्यात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल तर तेही), आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा पूर्वी पक्षाघात होऊन गेलेला असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय नको. फिट येणाऱ्यांनी टबपासून दूरच राहावं.

थंडीने बोटं पांढरीफटक, मग निळी पडतात त्याला रेनॉड म्हणतात. त्या माणसांना हा प्रकार फार त्रासाचा होतो. सिकल सेलच्या रुग्णांना थंडीने वेदनेचा झटका येऊ शकतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर इजा होते आहे हेच कळत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. गार हवेने किंवा पाण्याने अंगावर गांधी उठत असतील, तर ती थंडीची ॲलर्जी असू शकते. अशा माणसाने संपूर्ण अंग गार पाण्यात बुडवलं तर रक्तदाब कोसळून तो बेशुद्ध पडू शकतो. शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घरी ‘करून बघू’ हा यावरचा मार्ग नव्हे.

ताप, उघडी जखम किंवा रात्रभराचं जागरण असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्या. गरोदरपण आणि लहान मुलांबद्दल प्रश्न १८ पाहा.

५. बीपीची गोळी घेतो, आता बीपी नॉर्मल असतं. मग हरकत नाही ना?

गोळीने रक्तदाब बसल्या जागी नॉर्मल राहतो. गार पाण्यात तो काही सेकंदांत उसळतो तेव्हा काय होईल, हे घरच्या मशीनवरच्या आकड्यावरून कळत नाही. काही गोळ्या हृदयाचे ठोके मंद ठेवतात, काहींमुळे उभं राहताना चक्कर येते. टबातून बाहेर येण्याच्या क्षणी (प्रश्न १२) हीच चक्कर नडते. डॉक्टरांना विचारताना ‘गार पाण्याने अंघोळ करू का?’ असं मोघम विचारू नका. ‘१२ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत तीन मिनिटं बसणार आहे’ असं सांगा. उत्तर बदलू शकतं.

६. उडी मारून एकदम उतरावं की हळूहळू?

हळूहळू, पण रेंगाळत नाही. आधी पाय, मग बसून कंबर, मग छाती, खांदे शेवटी. या सगळ्याला वीस-तीस सेकंद द्या. ‘एकदम उडी मारली की सुटलो’ हा सल्ला मला सर्रास ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. जेवढं जास्त अंग एकदम गार पडेल तेवढा दणका मोठा.

हात सुरुवातीला पाण्याबाहेर ठेवले तरी चालतात. टब असा हवा, की आधार घेऊन एकट्याने बाहेर पडता येईल. उंच, अरुंद पिंपात उतरणं सोपं जातं, बधिर पायांनी वर चढणं नाही.

७. डोकंही बुडवायचं का? काही जण म्हणतात त्यानेच खरा फायदा होतो.

नको. चेहरा गार पाण्यात गेला आणि श्वास रोखला, की हृदयाचे ठोके मंद करणारी प्रतिक्रिया जागी होते. पाणबुड्या प्राण्यांत ती ठळक असते, आपल्यातही आहे. त्याच वेळी उरलेलं अंग गार पडल्यामुळे ठोके वाढवणारी प्रतिक्रिया चालूच असते. म्हणजे हृदयाला एकाच क्षणी ‘पळ’ आणि ‘थांब’ असे दोन हुकूम मिळतात, आणि या ओढाताणीत ठोक्यांची लय बिघडू शकते. पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन आणि त्यांचे सहकारी मायकल शॅटॉक यांनी २०१२ मध्ये या ‘संघर्षा’वर सविस्तर लिहिलं आहे. निरोगी तरुणांत हा बिघाड बहुधा क्षणभराचा असतो, पण आपलं हृदय पूर्ण निरोगी आहे हे आपण गृहीतच धरलेलं असतं.

चेहऱ्याला गारवा हवाच असेल तर बाहेर, बेसिनपाशी, गार पाण्याचे हबके मारा. टबमध्ये असताना नाही.

८. विम हॉफ या डच माणसाने गाजवलेल्या पद्धतीचं जोरजोरात श्वास घेणं (आणि मग रोखणं) टबमध्ये बसून केलं तर?

कधीही नाही. या एका उत्तरात ‘पण’, ‘परंतु’ काही नाही.

श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. भराभर खोल श्वास घेतल्याने तो वायू धुऊन निघतो. ऑक्सिजनचा साठा मात्र फारसा वाढत नाही. मग श्वास रोखला की ‘आता घे’ ही सूचना वेळेवर येतच नाही, आणि ऑक्सिजन संपून माणूस कसलीही चाहूल न लागता बेशुद्ध होतो. गादीवर हे झालं तर काही क्षणांत शुद्ध येते, पाण्यात झालं तर माणूस बुडतो. बुडायला गुडघाभर पाणीही पुरतं. हे श्वसन करायचंच असेल तर कोरड्या जमिनीवर, आडवं पडून, आणि ते पूर्ण निवल्यानंतरच पाण्याकडे जा.

९. घरी एकटाच असतो. दार उघडं ठेवून एकट्याने घेतलं तर चालेल?

सुरुवातीचे काही आठवडे तरी नाही. सोबतचा माणूस त्याच खोलीत हवा, हाकेच्या अंतरावर मोबाइल बघत बसलेला नको. त्याला काम एकच: दर मिनिटाला तुम्हाला काहीतरी विचारायचं. उत्तर अडखळलं, शब्द जड झाले की बाहेर काढायचं, तुम्ही ‘अजून एक मिनिट’ म्हणत असलात तरी. सोबत मिळतच नसेल तर गार शॉवरवर भागवा. त्यात बुडण्याचा प्रश्न नसतो आणि नळ कधीही बंद करता येतो. प्रश्न ४ मधल्या तक्रारी असणाऱ्यांसाठी मात्र शॉवर ही पळवाट नव्हे.

१०. टबला बर्फ किती लागतो?

गणित सोपं आहे. एक किलो बर्फ वितळताना पाण्यातून सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता घेतो, आणि वितळलेलं पाणी बारा अंशांपर्यंत चढताना आणखी १२. म्हणजे ९२. तुमच्याकडे १५० लिटर पाणी २५ अंशांवर असेल आणि ते १२ वर आणायचं असेल, तर (एक लिटर पाणी एक अंशाने उतरवायला एक किलोकॅलरी) १५० गुणिले १३, म्हणजे १९५० किलोकॅलरी काढून घ्यायच्या. त्याला ९२ ने भागलं की २१ किलो बर्फ येतो. पाणी २० अंशांवर असेल तर १३ किलोत काम होतं. टबही थोडी उष्णता देतो, त्यामुळे दोन-तीन किलो जास्त धरा.

बर्फ टाकल्यावर पाणी ढवळा आणि मगच तापमान मोजा. नाहीतर थर्मामीटर वरचं पाणी सांगतो आणि तळाला वेगळंच असतं. पाणी लवकर गार व्हावं म्हणून मीठ टाकू नका. खारं पाणी शून्याच्याही खाली जाऊ शकतं आणि कातडीला इजा करतं. बर्फाचे मोठे तुकडे अंगाला टेकलेलेही नकोत.

आणखी एक. स्थिर बसलात की अंगालगत कोमट पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि थंडी सुसह्य होते. कोणी पाणी ढवळलं की तो थर मोडतो आणि पुन्हा झोंबायला लागतं. चिलरमधून (पाणी गार करणाऱ्या यंत्रातून) पाणी खेळत असेल तर तेच १२ अंश जास्त बोचतात. मित्राच्या टबमध्ये पाच मिनिटं बसलात म्हणून जिमच्या टबमध्येही तेवढं जमेल असं नाही, ते यामुळे.

११. बोटं इतकी ठणकतात की सहन होत नाही. बाकी अंग ठीक असतं.

हातापायांची बोटं सगळ्यांत आधी रक्त गमावतात, म्हणून तिथे सर्वांत जास्त दुखतं. पाणबुड्यांसारखे निओप्रीनचे मोजे आणि हातमोजे घाला, किंवा हात काखेत धरा. यात काही कमीपणा नाही. कातडी लाल होणं ठीक आहे. ती पांढरी, मेणासारखी दिसू लागली किंवा ठणका जाऊन काहीच जाणवेनासं झालं, तर बाहेर या. ऊब आल्यावरही काही तासांनी बधिरपणा, मुंग्या किंवा सूज राहिली तर डॉक्टरांना दाखवा. गोठणबिंदूच्या वरच्या पाण्यातही मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

१२. पाण्यात ठीक होतो, बाहेर आल्यावर दहा मिनिटांनी जोरात कुडकुडायला लागलो. असं उलटं कसं?

हा माझा आवडता प्रश्न, कारण तो विचारणारा माणूस पुढे जपून वागतो.

पाण्यात असताना शरीर हातपाय आणि कातडीकडचं रक्त आखडून घेतं आणि ऊब आत, छाती-पोटात राखतं. बाहेर आलात तरी वरचे थर गारच असतात आणि आतली उष्णता त्यांच्याकडे वाहत राहते. त्यामुळे शरीराच्या गाभ्याचं तापमान टबबाहेर आल्यावरही काही काळ उतरत जातं, दहा मिनिटं ते अर्धा तास. पाण्यात ‘आता छान वाटतंय’ असं वाटेपर्यंत बसलात, तर खरी थंडी नंतर गाठते. त्यासाठी थोडी शिल्लक ठेवूनच उठायचं.

उठतानाही घाई नको. पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलत असतो. एकदम उभं राहिलात की तो आधार जातो, रक्त खाली उतरतं आणि चक्कर येते. आधी टबच्या कडेवर बसा, दोन-तीन श्वास घ्या, मग कशाला तरी धरून उभे राहा.

पुढची तयारी टबमध्ये उतरण्याआधीच करून ठेवा. टॉवेल, मग बनियन, स्वेटर, पायजमा, मोजे, टोपी, ज्या क्रमाने घालायचं त्याच क्रमाने. बटणं आणि नाड्या टाळा. बधिर बोटांनी साधी नाडी बांधायचा प्रयत्न केलात की कारण कळेल. ओले कपडे लगेच काढा, अंग कोरडं करा, काहीतरी गरम आणि गोड प्या. खोलीत सावकाश फेऱ्या मारा, पण जोरबैठका नकोत. अर्धा तास गाडी चालवू नका.

थोडं कुडकुडणं चांगलं, शरीर ऊब तयार करतंय. बोलणं जड होणं, हातातून वस्तू पडणं, चालताना तोल जाणं, असंबद्ध वागणं हे गाभ्याचं तापमान ३५ अंशांखाली गेल्याचं लक्षण असू शकतं. अंग गारठलेलं असताना कुडकुडणं एकाएकी थांबलं तर तो आराम समजू नका. तातडीची मदत बोलवा आणि माणसाला आडवं ठेवा.

१३. मग लगेच कढत पाण्याने अंघोळ केली तर?

पंधरा-वीस मिनिटं थांबा. आवळलेल्या रक्तवाहिन्या गरम पाण्याने एकदम सैलावतात, रक्तदाब पडतो आणि घसरड्या बाथरूममध्ये माणूस कोसळतो. शिवाय बधिर कातडीला पाणी किती कढत आहे ते कळत नाही, भाजू शकतं. गरम पाण्याची पिशवीही याच कारणाने कापडात गुंडाळूनच घ्या.

१४. जिमनंतर लगेच घेऊ की नंतर?

स्नायू वाढवायचे असतील तर लगेच नको. २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त आलेल्या एका अभ्यासात १२ आठवडे वजनाचा व्यायाम करणाऱ्यांपैकी एका गटाने दर वेळी नंतर दहा मिनिटं सुमारे १० अंशांच्या पाण्यात बसायचं, असं होतं. त्यांचे स्नायू आणि ताकद, हलका व्यायाम करून निवणाऱ्या गटापेक्षा कमी वाढली. ज्या दुरुस्तीतून स्नायू घडतो, तीच गारव्याने मंदावते. व्यायाम आणि आइस बाथ यांच्यात काही तास जाऊ द्या, किंवा सुट्टीचा दिवस निवडा.

पळणारे, सामने खेळणारे आणि उद्या पुन्हा मैदानात उतरायचं असणारे यांचं गणित वेगळं आहे. त्यांना दुखरेपणा कमी होणं जास्त मोलाचं. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) १७ छोट्या चाचण्या आणि ३६६ माणसं होती. नुसती विश्रांती घेण्यापेक्षा गार पाण्याने पुढच्या एक ते चार दिवसांतला दुखरेपणा कमी होतो, असं त्यात दिसलं.

१५. वजन उतरतं, सर्दी होत नाही, मूड सुधारतो. यातलं खरं काय?

मूडचं बरंचसं पटण्यासारखं आहे. २००० सालच्या एका प्रयोगात १४ अंशांच्या पाण्यात तासभर बसवलेल्या तरुणांच्या रक्तात तरतरी आणि मूडशी संबंधित दोन रसायनं, नॉरॲड्रेनलिन ५३० टक्के आणि डोपामिन २५० टक्के, वाढलेली आढळली. तो तास प्रयोगशाळेतला होता, घरी करून पाहायचा नव्हे. बाहेर आल्यावरची ती तरतरी बहुतेकांना जाणवते. नैराश्यावरचा उपचार म्हणून मात्र गोळ्या सोडून याच्यामागे लागू नका.

सर्दीचं म्हणाल, तर नेदरलँड्समध्ये तीन हजारांवर लोकांनी महिनाभर अंघोळीच्या शेवटी ३० ते ९० सेकंद गार शॉवर घेतला किंवा घेतला नाही. शॉवरवाल्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या, आजारी वाटण्याचे दिवस मात्र नाहीत. म्हणजे बरं नव्हतंच, पण ते कामावर गेले! वजनासाठी हा मार्ग निवडू नका. कुडकुडण्यात थोड्या कॅलरी जळतात आणि नंतरची कडकडीत भूक त्या भरून काढते.

१६. ‘आठवड्याला ११ मिनिटं’ हा नियम पाळायलाच हवा का?

तो नियम नाही. डेन्मार्कमधल्या सुझॅना सोबर्ग यांनी २०२१ मध्ये हिवाळी पोहणाऱ्या मोजक्या पुरुषांचा अभ्यास केला. ते आठवड्याला साधारण तेवढा वेळ गार पाण्यात घालवत आणि सौनाही (तापवलेल्या खोलीत बसून घाम काढणं) घेत. त्यांची सवय अकरा मिनिटांची होती, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी दोन मिनिटं, हे नवख्याला भरपूर झालं.

१७. जुना डीप फ्रीझर टब म्हणून वापरला तर? आणि पाणी कधी बदलायचं?

फ्रीझर पाण्यात माणूस बसवण्यासाठी बनवलेला नसतो. प्लग लावलेला असताना त्यात उतरणं म्हणजे विजेशी खेळ. कोणी वापरत असेलच तर स्विच बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढून मगच उतरावं, आणि झाकण आपोआप पडणार नाही अशी सोय हवी. माझं मत विचाराल तर नकोच. चिलर असेल तर तो गळतीची वीज तोडणाऱ्या सुरक्षा स्विचवरच जोडा.

साध्या टबचं पाणी प्रत्येक वेळी बदललेलं बरं. गार पाण्यात जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. गाळणी आणि क्लोरीनची सोय असेल तर जास्त दिवस चालतं, पण उतरण्याआधी अंग धुवा.

१८. मुलं? गरोदरपण? पाळी?

लहान मुलांना नको. अंगाच्या मानाने त्यांची कातडी जास्त आणि चरबी कमी, त्यामुळे ती फार लवकर गारठतात आणि खेळाच्या नादात सांगतही नाहीत. गरोदरपणात सुरुवात करू नका. आधीपासून सवय असेल तरी डॉक्टरांना विचारा. पाळीत अडचण नाही, इच्छा असेल तर घ्या.

१९. दोन पेग घेतल्यावर थंडी कमी वाजते. मग आधी घेतले तर?

कमी वाजते, कारण दारूने कातडीकडे रक्त धावतं. म्हणजे ऊब बाहेर सांडत असते. कुडकुडणंही मंदावतं आणि ‘आता बाहेर यावं’ हा निर्णय घेणारी बुद्धी तर आधीच रजेवर गेलेली असते. आधी नाही आणि ऊब येईपर्यंत नंतरही नाही.

२०. दोन महिने टबमध्ये मजेत बसतो. आता गार तलावात उतरलो तर चालेल?

सवयीने एक गोष्ट नक्की बदलते. तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनंतरच प्रश्न ३ मधला दणका जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो आणि तो फायदा काही अंशी महिनोन्‌महिने टिकतो. पण सवय झालेलं शरीरही गार पडतंच. फक्त तक्रार कमी करतं.

टबमध्ये थकलात तर उभे राहता येतं, तलावात नाही. गारठलेल्या हातापायांचे स्नायू ऐकेनासे होतात आणि चांगला पोहणाराही किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर अडकतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त बर्फासारख्या पाण्यासाठी एक-दहा-एक असा हिशोब सांगतात: एक मिनिट श्वास आवरायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे असेपर्यंत, आणि गारठून शुद्ध हरपायला सुमारे एक तास. पोहणाऱ्याला अडवतो तो मधला आकडा. म्हणून पहिल्या काही वेळा पाय टेकतील तिथेच राहा, किनाऱ्याला समांतर जा, भडक रंगाची टोपी आणि कमरेला ओढता फुगा बांधा आणि काठावर माणूस ठेवा. चुकून खोल पाण्यात पडलात तर आधी पोहू नका. पाठीवर उताणे होऊन तोंड वर ठेवा, श्वास ताब्यात येईपर्यंत तरंगा, मग कुठे जायचं ते ठरवा.